दौरा ठरला, ठेका नाही: यूटूच्या 'पॉप'चं प्रकरण

गिटारवाल्यांनी यंत्रांच्या नादी लागू नये असं कोणाला सांगायचं असलं की हटकून यूटूच्या 'पॉप' या १९९७च्या अल्बमचं नाव निघतं. डब्लिनचा चौघांचा बँड, १९८७च्या 'द जोशुआ ट्री'ने जगभर पोचलेला. दहा वर्षांनी डान्स क्लबच्या ठेक्यांमागे धावला आणि तोंडावर आपटला, अशी ती गोष्ट. ऐकायला सोपी, म्हणूनच टिकून राहिलेली. पण तारखा, माणसं आणि गाणी शेजारी शेजारी ठेवून पाहिली की ती जुळत नाही. याच बँडने त्याआधी दोनदा यंत्रं आणि गिटार एकत्र नांदवली होती. एकदा तर 'पॉप'ला लागला त्याच्या कितीतरी कमी वेळात. मग तिसऱ्यांदाच घोडं कुठे अडलं?

मला वाटतं, या अल्बममध्ये ठेका कोणाचा हे शेवटपर्यंत ठरलं नाही. ते ठरवायला जो वेळ लागणार होता तो दौऱ्याच्या तारखांनी खाल्ला. 'इलेक्ट्रॉनिक वळण चुकलं' हा निष्कर्ष लोकांनी नंतर काढला, आणि बँडनेही थोडाफार तो मान्य केल्यासारखं दाखवलं. प्रकरण मुळातून बघण्याचं कारण हेच.

आधी दोनदा जमलं होतं

ऑक्टोबर १९९०मध्ये हे चौघे बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत गेले. गायक बोनो आणि गिटारवादक एज यांना यांत्रिक, खडबडीत, नाचऱ्या संगीताचं वेड लागलं होतं. बेस वाजवणारा अ‍ॅडम क्लेटन आणि ड्रमर लॅरी मलन ज्युनिअर यांना ते पटत नव्हतं. ड्रम मशीन आलं की आपण काय करायचं, ही लॅरीची धास्ती रास्तच होती. बँड फुटतो की काय अशी वेळ आली. मग एकदा सगळे मिळून सहज वाजवता वाजवता 'वन' हे गाणं निघालं, हवा बदलली, उरलेलं काम डब्लिनला झालं आणि नोव्हेंबर १९९१मध्ये 'अख्तुंग बेबी' बाहेर आला. त्यात यंत्रं भरपूर आहेत, पण ती भांडून आत घेतलेली आहेत, चौघं एका खोलीत असताना. ठेका माणसाचा की मशीनचा याचा निकाल गाण्यागणिक तिथल्या तिथे लागत होता. आणि त्याचा 'झू टीव्ही' दौरा सुरू झाला २९ फेब्रुवारी १९९२ला, अल्बम दुकानात येऊन तीन महिने उलटल्यावर.

दुसरी वेळ 'झूरोपा'ची. ही गोष्ट 'पॉप'च्या संदर्भात फार कमी लोक काढतात, याचं मला नवल वाटतं. 'झू टीव्ही' दौऱ्यात कार्यक्रमाआधीच्या साउंडचेकला बँड जे काही वाजवायचा ते टेप होत होतं. रॉबी अ‍ॅडम्स या इंजिनिअरने त्यातले तुकडे कापून त्यांचे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरत राहणारे तुकडे, केले आणि त्यांवर गाणी उभी राहिली. फेब्रुवारी ते मे १९९३, एवढ्यात काम. ठरला होता चार-पाच गाण्यांचा छोटा ईपी, झाला अख्खा अल्बम. शेवटी शेवटी तर दौरा पुन्हा सुरू झाला होता आणि कार्यक्रम संपला की बँड विमानाने डब्लिनला येऊन स्टुडिओत बसत होता. जुलैमध्ये अल्बम आला, पुढे त्याला ग्रॅमीही मिळालं.

म्हणजे नुसती घाई हे कारण पुरत नाही. 'झूरोपा' घाईतच झाला. फरक असा की तिथे लूप होते, पण त्या लूपमधले हात लॅरीचेच होते. यंत्र त्याचाच ठेका त्याला परत ऐकवत होतं.

ड्रमर नसलेला स्टुडिओ

१९९५मध्ये निर्माता ब्रायन ईनोबरोबर 'पॅसेंजर्स' या नावाने एक प्रायोगिक अल्बम निघाला. लॅरीला तो आवडला नाही आणि त्याने ते लपवलंही नाही. तसा तो आणि अ‍ॅडम काही जुन्या वळणाला चिकटून बसलेले नव्हते. दोघांनी न्यूयॉर्कला जाऊन नव्याने धडे घेतले होते, आणि १९९६मध्ये 'मिशन: इम्पॉसिबल'च्या जुन्या धूनचं त्यांनी केलेलं इलेक्ट्रॉनिक रूप अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या दहात पोचलं. तेव्हा 'यंत्राला घाबरणारा ड्रमर' हे चित्रही खोटं. लॅरीची अडचण वेगळी होती, आणि साधी होती. त्याची पाठ.

नव्या अल्बमचं काम १९९५च्या उत्तरार्धात सुरू झालं. त्याच वर्षाअखेर लॅरीच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि ज्या दिवसांत गाण्यांचा पाया घातला जात होता त्या दिवसांत तो ड्रमवर नीट बसू शकत नव्हता. बाकीच्यांनी थांबायचं की पुढे जायचं? ते पुढे गेले. नेली हूपर, फ्लड, हाऊई बी, स्टीव्ह ऑस्बोर्न अशी एकाहून एक कसबी निर्माते मंडळी आली. हाऊई बी स्टुडिओत रेकॉर्ड लावायचा आणि बँड त्यावर वाजवत जायचा. पद्धत मजेशीर आहे, आणि कल्पना सुचायला उत्तम. पण त्यातून निघालेल्या गाण्यांच्या तळाशी दुसऱ्याच कोणाचा तरी ठेका असतो. 'डू यू फील लव्ह्ड' हे गाणं 'नेकेड फंक' या गटाच्या एका ट्रॅकच्या तुकड्यावर उभं आहे; 'वेक अप डेड मॅन'मध्ये बल्गेरियन स्त्रियांच्या समूहगायनाचा तुकडा आहे. असे तुकडे वापरायचे तर परवानग्या लागतात. सगळ्यांच्या मिळवणं शक्य नसतं, आणि मिळाल्या तरी स्वस्त नसतात.

लॅरी सावरून परतला तेव्हा त्याच्यासमोर जे काम आलं ते ड्रमरला सगळ्यात नकोसं असतं: आधीच तयार असलेल्या गाण्यातला उसना ठेका काढायचा आणि तिथे स्वतःचा बसवायचा, तोही गाण्याचा तोल न ढळवता.

दहा मिलिसेकंद

हे काम किती किचकट आहे ते जरा जवळून बघू, कारण खरं पाणी इथेच मुरतं.

मिनिटाला १२० ठोके अशी लय धरा. दोन ठोक्यांत बरोबर अर्धा सेकंद. लूप हे अंतर शंभर वेळा वाजला तरी शंभर वेळा तेवढंच ठेवतो. चांगला ड्रमर तसं करत नाही, करूही नये. कडव्यात तो किंचित मागे रेलतो, धृपद आलं की किंचित पुढे सरकतो. आता लूपमधला किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ढोल) आणि माणसाचा किक ड्रम एकत्र वाजवा. दोघांत २०-३० मिलिसेकंदांचं अंतर पडलं की कानाला एकाऐवजी दोन ठोके ऐकू येतात, आणि गाणं अडखळल्यासारखं वाटतं. अंतर १० मिलिसेकंदांवर आणलं तर ठोका एकच वाटतो, पण नवीच पंचाईत होते. ५० हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. १० म्हणजे बरोबर अर्धं. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर येतो आणि दोन सारखे आवाज त्या पट्ट्यात एकमेकांना खाऊन टाकतात. दोन ढोल वाजवूनही तळ पोकळ! जो खालचा दणका मिळावा म्हणून लूप आणला तोच गायब.

उपाय तीन. ड्रमरने लूपला चिकटून वाजवायचं, मग माणूस घेतला कशाला हा प्रश्न. लूप काढून टाकायचा, मग त्यावर रचलेलं बाकी सगळं उघडं पडतं. किंवा लूपमधला किक गाळून फक्त वरची सळसळ ठेवायची आणि तळ ड्रमरला द्यायचा. तिसरा मार्ग बहुतेकदा सगळ्यात चांगला. पण तो प्रत्येक गाण्यात, जवळजवळ प्रत्येक ओळीत, कानाने ठरवावा लागतो. त्यातून तयार रेकॉर्डमधून उचललेला तुकडा आधीच दाबून, घासूनपुसून सपाट केलेला असतो. त्याशेजारी ताजे ड्रम एकदम दुसऱ्या खोलीत वाजल्यासारखे ऐकू येतात. तुकड्याची गती बदलली तर स्वर सरकतो. स्वर जागेवर ठेवून गती बदलण्याची सोय त्या काळच्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे असे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, होती, पण आवाज खरखरीत व्हायचा. आज हे माऊसने ओढून जागेवर बसवता येतं. १९९६मध्ये त्याला दिवस लागायचे.

आणि हे फक्त ठेक्याचं झालं. बेस गिटार, सिंथचा (सिंथेसायझरचा) बेस आणि किक ड्रम या तिघांना तळातली एकच जागा हवी असते. वरच्या पट्ट्यात फाटक्या आवाजाची गिटार आणि सिंथचे लांब स्वर एकमेकांवर चढतात. दोघांनाही मोठं केलं की दोघंही लहान होतात. कोणीतरी कोणासाठी तरी जागा सोडायला हवी, आणि स्टुडिओत जागा सोडायला लावणारा माणूस एकच असावा लागतो. इथे अल्बमवर निर्मात्यांची नावंच तीन आहेत. हूपर तर मध्येच दुसऱ्या कामासाठी निघून गेला होता.

जाता जाता एक गोष्ट, कारण 'गिटार विरुद्ध यंत्र' हा झगडा यूटूच्या बाबतीत मुळातच लटका आहे. एजची ओळख बनलेला तो घुमणारा, टपटप उड्या मारणारा गिटारचा आवाज म्हणजे प्रतिध्वनी काढणाऱ्या डिले यंत्राची करामत. १२०च्या लयीत तो प्रतिध्वनी पाऊण ठोक्यावर, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांवर बांधला की एका स्वराचे धावते तीन-चार होतात. लय जराही हलली तर ते सगळं विस्कटतं. म्हणजे १९८०च्या दशकापासून हा बँड एका यंत्राच्या घड्याळावरच वाजत आला आहे, आणि लॅरी त्या घड्याळाशी जमवून घेण्यात मुरलेला आहे. त्याला यंत्र नवं नव्हतं. परकं यंत्र नवं होतं.

तारखा

१९९६च्या मे महिन्यात सगळे काही दिवस मायामीला जाऊन आले. त्या मुक्कामाची खूण अल्बममध्ये त्याच नावाच्या गाण्याच्या रूपात आहे (माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात कच्चं गाणं, आणि त्याला वेळ मिळाला असता तरी ते पिकलं नसतं). अल्बम १९९६च्या अखेरीस, नाताळच्या बाजारात यायचा होता. तो आला नाही. मार्च १९९७ ठरला.

अल्बम पुढे ढकलता आला, दौरा आला नाही. मॅनेजर पॉल मॅकगिनेसला बँडने दौऱ्याच्या तारखा घ्यायला आधीच मोकळीक दिली होती. मायकेल कोल या आयोजकाने सगळा दौरा एकगठ्ठा उचलला होता. स्टेडियम वर्षभर आधी धरावी लागतात, फुटबॉलच्या वेळापत्रकातून वाट काढावी लागते. दौऱ्याचा मंचही साधा नव्हता: सुमारे ५० मीटर रुंदीचा एलईडी पडदा, तेव्हाचा जगातला सगळ्यात मोठा, शंभर फुटी पिवळी कमान, आरशांनी मढवलेलं यांत्रिक लिंबू, ज्यातून बँड बाहेर यायचा. याचा रोजचा खर्च दोन लाख डॉलरच्या वर जात होता, कार्यक्रम असो वा नसो.

मग काय व्हायचं? ज्या आठवड्यांत कोणत्या गाण्यात कोणाचा ठेका राहणार हे ठरायला हवं होतं, त्या आठवड्यांत हीच माणसं पडद्याच्या आणि लिंबाच्या बैठका करत होती. एजने पुढे हे सांगितलं आहे: मिक्सिंग (सगळ्या आवाजांचा मेळ घालणं), रेकॉर्डिंग आणि दौऱ्याची आखणी एकाच वेळी चालली होती आणि शेवटी हाती आली ती तडजोड. 'लास्ट नाइट ऑन अर्थ'चं धृपद अगदी शेवटच्या रात्री, पहाटेपर्यंत जागून जुळवलं गेलं. त्यातला बोनोचा थकलेला, घोगरा आवाज ऐकला की हे वेगळं सांगायला लागत नाही. न्यूयॉर्कला मास्टरिंग सुरू असतानाही बदल थांबले नव्हते. मास्टरिंग ही शेवटचा हात फिरवण्याची पायरी. तिथे गाणी बदलायला लागणं म्हणजे वऱ्हाड दारात आल्यावर मांडव कुठे घालायचा याची चर्चा करणं.

१२ फेब्रुवारी १९९७ला न्यूयॉर्कमधल्या केमार्ट या स्वस्त मालाच्या दुकानात, बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या विभागात, पत्रकारांना बोलावून 'पॉपमार्ट' दौरा जाहीर झाला. अल्बम ३ मार्चला आला. पहिला कार्यक्रम २५ एप्रिलला, लास व्हेगासला. अल्बम आणि दौरा यांच्यात उणेपुरे आठ आठवडे. त्यातला सरावाचा वेळही अल्बमने आधीच गिळलेला होता.

विक्री आणि विनोद

सुरुवात वाईट नव्हती. 'डिस्कोथेक' हे पहिलं सिंगल, म्हणजे अल्बममधून वेगळं विकायला काढलेलं गाणं, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर, अमेरिकेत दहाव्या. अल्बम दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर उतरला. मग मात्र घसरण झपाट्याने झाली. अमेरिकेत त्याला दहा लाख प्रतींचं एक प्लॅटिनम मिळालं आणि गाडी तिथेच थांबली. 'अख्तुंग बेबी'ला आठ, आणि घाईत केलेल्या 'झूरोपा'ला दोन मिळालेली आहेत.

याचं खापर इलेक्ट्रॉनिक संगीतावर फोडायचं तर १९९७चं वर्ष आड येतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केमिकल ब्रदर्सचा 'डिग युअर ओन होल' आणि उन्हाळ्यात प्रॉडिजीचा 'द फॅट ऑफ द लँड' आला, दोन्ही इलेक्ट्रॉनिक संगीताचे ब्रिटिश गट, आणि प्रॉडिजी तर अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर पोचले. लोकांना तो आवाज हवा होता. फक्त प्रॉडिजी ऐकताना ठेका कोणाचा असा प्रश्न पडत नाही. 'पॉप' ऐकताना पडतो.

दुसरं एक कारण संगीताबाहेरचं आहे, आणि ते झटकून टाकता येत नाही. केमार्टमधली पत्रकार परिषद, व्हिलेज पीपल या जुन्या डिस्को गटाच्या वेशातला 'डिस्कोथेक'चा व्हिडिओ, ते लिंबू. यूटूला बाजारूपणाची थट्टा करायची होती. अमेरिकेतल्या बऱ्याच श्रोत्यांना थट्टा कोणाची चालली आहे तेच कळलं नाही. आत अल्बममध्ये मात्र देव, आई, मृत्यू, उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार असे विषय आहेत. 'मोफो'मध्ये बोनो चौदाव्या वर्षी गमावलेल्या आईला हाका मारतो. वेष्टन चेष्टेचं आणि आत सुतक! ऑगस्टमध्ये ऑस्लोला ते लिंबू अडकलं आणि बँड आत कोंडला गेला तेव्हा वृत्तपत्रांना आयती बातमी मिळाली.

तरीही माझा कल ठेक्याच्या बाजूनेच आहे, कारण दिशाभूल करणारं वेष्टन 'अख्तुंग बेबी'लाही होतं. काळ्या गॉगलमधला बोनो आणि टीव्हींचा ढीग लोकांनी आनंदाने पचवला. आतली गाणी पक्की असली की वेष्टनाकडे लोक कौतुकाने बघतात.

मंचावर झालेली छाननी

लास व्हेगासच्या पहिल्याच रात्री 'स्टेअरिंग ॲट द सन' मध्येच थांबवून पुन्हा सुरू करावं लागलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या पडद्यासमोर, नव्या अल्बममधलं सिंगल. पुढच्या काही कार्यक्रमांतच ते गाणं बोनो आणि एज दोघंच, दोन गिटारींवर गाऊ लागले. ठेका हा विषयच काढून टाकला. आणि गाणं उभं राहिलं.

इथून पुढे दौऱ्याने जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात बोलकं वाटतं. स्टुडिओत अर्धवट राहिलेले निकाल मंचावर एकेक करून लागत गेले. 'मोफो'ने कार्यक्रम सुरू व्हायचा आणि तो दौरा संपेपर्यंत दणक्यात चालला. त्यात संशयाला जागाच नाही: यंत्र पुढे, लॅरी त्याच्यावर स्वार, एजची गिटार कापत जाणारी. याउलट 'प्लीज'मध्ये लॅरीचा लष्करी चालीचा स्नेअर ड्रम (कडकडणारा छोटा ढोल) पुढे आला आणि यंत्रं मागे गेली. शेवटी तोच ठेका न थांबता 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम'मध्ये शिरायचा, आणि तो क्षण त्या दौऱ्याच्या सगळ्यात भारलेल्या क्षणांपैकी एक ठरला. 'गॉन' गिटारचं गाणं म्हणून मोठं झालं. ज्यांत माणूस की मशीन हे स्पष्ट झालं ती गाणी तरली. मधल्यामध्ये लटकलेलं 'डू यू फील लव्ह्ड' थोड्याच कार्यक्रमांनंतर गळालं. 'द प्लेबॉय मॅन्शन' तर मंचावर आलंच नाही.

२३ सप्टेंबर १९९७ला सारायेव्होच्या कोशेव्हो स्टेडियममध्ये बोनोचा आवाज बसला. युद्धातून नुकतंच बाहेर आलेलं शहर, ४५ हजारांची गर्दी, आणि एजने 'संडे ब्लडी संडे' एकट्याने गायलं. हळू, एका गिटारवर. यावरून कोणी 'बघा, शेवटी गिटारच' असं म्हणेल. त्याच रात्री कार्यक्रमाची सुरुवात 'मोफो'च्या यंत्रघोषाने झाली होती, हेही त्याने लक्षात घ्यावं.

दौरा २१ मार्च १९९८ला जोहान्सबर्गला संपला. ९३ कार्यक्रम, सुमारे ३९ लाख प्रेक्षक. याला अपयश म्हणायला जीभ धजत नाही. अल्बमची अपुरी राहिलेली निर्मिती लोकांच्या डोळ्यांदेखत, स्टेडियममध्ये पुरी झाली, एवढंच.

भिजत घोंगडं

बँडला हे माहीत होतं याचा पुरावा त्यांच्याच रेकॉर्डमध्ये आहे. अल्बममधून सहा सिंगल निघाली आणि त्यांतल्या काही गाण्यांचं रूप सिंगलसाठी बदललेलं आहे. 'प्लीज' तर नव्याने वाजवूनच दिलं गेलं. अल्बम विकायला ठेवल्यानंतर त्यातलीच गाणी सुधारून काढणं ही उघड कबुली म्हणायची. पुढे बोनोने 'पॉप'ला संगीताच्या इतिहासातलं सगळ्यात महागडं डेमो (कच्चं, नमुन्याचं) रेकॉर्डिंग म्हटलं. लॅरीचं म्हणणं अधिक नेमकं होतं: आणखी दोन-तीन महिने मिळाले असते तर अल्बम वेगळा झाला असता, आणि ती गाणी कधीतरी पुन्हा करायला आवडतील. ज्याच्या गैरहजेरीत पाया घातला गेला त्याने असं म्हणावं, यात सगळं आलं.

ऑक्टोबर २०००मध्ये 'ऑल दॅट यू कान्ट लीव्ह बिहाइंड' आला. जगातला सर्वोत्तम बँड या जागेसाठी आम्ही पुन्हा अर्ज करतो आहोत, असं बोनो तेव्हा सांगत होता. चौघं एका खोलीत, गिटार पुढे, धृपदं मोठी. त्याला यश भरपूर मिळालं आणि त्या यशानेच 'पॉप'वर 'चुकलेली वाट' असा शिक्का पक्का केला. गंमत म्हणजे त्याच महिन्यात रेडिओहेडचा 'किड ए' आला, एकही सिंगल न काढता. तिथेही गिटारवाला बँड यंत्रांकडे वळला होता, तिथेही ड्रमर फिल सेल्वेला काही गाण्यांत आपलं काय काम हा प्रश्न पडला होता, आणि भांडणं यूटूइतकीच झाली होती. पण स्टुडिओचं दार ठोठावणारी तारीख नव्हती. १९९९च्या सुरुवातीपासून ते पुरेपूर वेळ घेत राहिले. तो अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

२००२च्या 'द बेस्ट ऑफ १९९०-२०००' या संग्रहात यूटूने माइक हेजेस या निर्मात्याकडून 'डिस्कोथेक', 'स्टेअरिंग ॲट द सन' आणि 'गॉन' नव्याने मिक्स करून घेतली. लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहेत. 'गॉन'मध्ये फायदा सरळ दिसतो: गिटार आणि ड्रम मोकळे झाले, दौऱ्यात गाणं जसं वाजत होतं तसं ते झालं. 'डिस्कोथेक'मध्ये मात्र मला तोटाच वाटतो. मूळ मिक्समध्ये खाली जी खळबळ आहे, एकावर एक चढलेल्या आवाजांची जी गर्दी आहे, तीच त्या गाण्याची मजा होती. घासूनपुसून ते गाणं सभ्य झालं आणि सभ्य 'डिस्कोथेक' कोणाला हवंय? म्हणजे प्रश्न 'यंत्र कमी करा' असा कधीच नव्हता. काही गाण्यांना कमी हवं होतं, काहींना तेवढंच, आणि 'मोफो'ला कदाचित अजून जास्त.

अख्खा अल्बम पुन्हा करण्याची लॅरीची इच्छा तशीच राहिली. २०१८मध्ये 'पॉप' नव्याने विनाइलवर आला तेव्हा गाणी १९९७चीच होती, बाराच्या बारा, त्याच क्रमाने. मला विचाराल तर ते बरंच झालं. ज्याला फरक बघायचा आहे त्याने त्यातलं 'प्लीज' लावावं, मग सिंगलसाठी वाजवलेलं, आणि मग 'पॉपमार्ट'च्या कोणत्याही रेकॉर्डिंगमधलं. पहिल्यात लॅरी लूपच्या मागून वाजवतो, दुसऱ्यात शेजारून. तिसऱ्यात लूप शोधावा लागतो.